मनगटातली आठ हाडं: फिल्मवर दिसतात ती आणि लपतात ती

फिल्मवाला (धागाकर्ता)

मी मिरजेत एक्स-रे काढतो. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली 'डॉक्टरसाहेब, माझा गुडघा...' सुरू होईल.

आमच्या खोलीत छातीच्या खालोखाल येतात ते पडलेले लोक, आणि पडलेल्यांत मनगटं फार. माणूस पडताना हात पुढे टाकतोच, ते शिकवावं लागत नाही. मग सुजलेलं मनगट सावरत येतो आणि विचारतो, "हाड मोडलंय का?" कुठलं हाड, हे कुणी विचारत नाही. मनगटात एक हाड असतं आणि ते मोडतं किंवा मोडत नाही, एवढाच हिशेब. म्हणून हा धागा.

मनगट धरून एका हातात २७ हाडं. बोटांची १४ (अंगठ्यात दोन, बाकी चार बोटांत तीन-तीन), तळहातातली लांबट ५ आणि मनगटातली ८. दोन्ही हातांची मिळून ५४, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी चौथा हिस्सा पंजातच खर्ची पडलाय. कोपराकडून येणारी दोन लांब हाडं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना, या हिशेबात धरलेली नाहीत.

मनगटातली आठ दोन रांगांत बसतात. कोपराकडची रांग अंगठ्याच्या बाजूने मोजायची: स्केफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. बोटांकडची रांग पुन्हा अंगठ्यापासून: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. हे पाठ करायला पोरं जे इंग्रजी वाक्य वापरतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याऐवजी हे घ्या: "सकाळी लवकर टपरीवर पोहे, टोस्ट टाळून कांदाभजी हाणा." पहिली अक्षरं धरा, आठही जण रांगेत हजर.

आता स्वतःचा हात समोर धरा, तळवा वर. मनगटावरच्या आडव्या रेघेवर करंगळीच्या बाजूला टणक गोटी लागते. मनगट सैल सोडून ती चिमटीत धरलीत तर जराशी हलते. घाबरू नका, ते पिसिफॉर्म. एका स्नायूच्या कंडरेतच (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) तयार झालेलं हाड आहे, गुडघ्याच्या वाटीच्या जातीचं. समोरून काढलेल्या फिल्मवर ते ट्रायक्वेट्रमच्या अंगावर चढलेलं दिसतं, त्यामुळे नवशिक्याची मोजणी सातवर अडकते.

त्याच रेघेवर अंगठ्याच्या बाजूला बोट दाबून हात किंचित अंगठ्याकडे कलवा. एक उंचवटा वर येईल. ते स्केफॉइडचं पुढचं टोक. मग हात उलटा करा आणि अंगठा ताणून वर उचला. अंगठ्याच्या मुळाशी कंडरा ताठ उभ्या राहतात आणि मधे खळगा पडतो. युरोपात तपकीर त्यात ठेवून ओढायचे. त्या खळग्याच्या तळाशी पुन्हा तेच स्केफॉइड.

खरं सांगायचं तर याच एका हाडासाठी एवढं टंकतोय. ते दोन्ही रांगांना धरून तिरपं बसलेलं असतं, त्यामुळे पसरलेल्या हातावर पडलं की धक्का बरोबर त्याच्या कंबरेवर येतो. आठांपैकी सगळ्यात जास्त मोडतं ते हेच, तेही तरण्या पोरांत. आणि मोडलं तरी पहिल्या दिवशीच्या फिल्मवर दिसेलच असं नाही. हाड तिरपं, त्यामुळे समोरून आखडून दिसतं, आणि चीर केसाएवढी. म्हणून आम्ही पंजा करंगळीकडे वळवून एक वेगळी फिल्म घेतो, त्यात ते लांबीने उलगडतं. तरीही काही चिरा हुलकावणी देतातच. दहा-चौदा दिवसांत चिरेच्या कडेचं हाड थोडं विरघळतं, चीर रुंदावते, आणि मग ती दिसते.

तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आला" एवढ्यावर खूश होऊ नका. खळग्यात दाबल्यावर कळ येत असेल तर पुन्हा दाखवा.

---

गुळपोळी

फारच छान लिहिलंय. पोहे-कांदाभजी पाठ झालं.

एक शंका. मी जप बोटांच्या पेरांवर मोजते. चार बोटांची बारा पेरं, ती तुमच्या हिशेबाशी जुळतात. पण तळव्याच्या बाजूने पहिलं पेर केवढंसं दिसतं, आणि हात उलटा केला की तेच बोट लांबलचक! हाड तर एकच ना?

---

फिल्मवाला

हाड एकच. रेघांवर जाऊ नका. बोट जिथे तळव्याला मिळतं तिथली रेघ सांध्यावर नाहीच. खरा सांधा तिच्याही मागे, तळहातात, साधारण दोन सेंटिमीटरवर आहे. मूठ वळल्यावर वर येणारे उंचवटे, ज्यांच्यावर आपण शाळेत ३० आणि ३१ चे महिने मोजले, ती तळहातातल्या हाडांची डोकी. बोटाचं पहिलं हाड तिथून सुरू होतं आणि त्याचा बराचसा भाग तळव्याच्या मांसात बुडालेला असतो. म्हणून मागून लांब, पुढून आखूड.

मूठ वळलेलीच आहे तर आणखी एक बघा. ती हळूहळू घट्ट आवळा आणि उंचवट्यांकडे नजर ठेवा. तर्जनी आणि मधल्या बोटाचे जागचे हलत नाहीत. करंगळीचा चांगला खाली उतरतो, अनामिकेचा थोडा कमी. पहिले दोन मनगटाला पक्के जखडलेले असतात, शेवटचे दोन सैल असतात. कुदळीचा दांडा किंवा बॅट तळव्यात तिरपी घट्ट बसते ती या दोघांमुळे.

---

डोंगरवाट

हा धागा दोन वर्षांपूर्वी यायला हवा होता.

पावसात ताम्हिणीच्या उतारावर बाईक घसरली, उजव्या हातावर पडलो. जवळच्या दवाखान्यात फिल्म काढली, "काही नाही, मुरगळलंय" म्हणाले. क्रेप बँडेज आणि गोळ्या. सूज उतरली, मीही विसरलो. पण पुश-अप काढायला गेलं की कळ, बरणीचं झाकण फिरवताना कळ. सहा-सात महिन्यांनी दुसरीकडे दाखवलं तर म्हणाले स्केफॉइड मोडलेलं आहे आणि जुळलेलंच नाही. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन ऑपरेशन, आत स्क्रू. पुन्हा बोलावलं असतं तर एवढं झालंच नसतं, असं दुसऱ्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. दुखणं दहा आण्यांनी कमी झालंय, पण मनगट मागे पूर्वीइतकं वाकत नाही ते नाहीच.

एवढं चिमुकलं हाड जुळायला एवढे नखरे का करतं, हे मात्र मला आजवर कुणी नीट सांगितलं नाही.

---

कपिलाषष्ठी

डोंगरवाट, मी सांगतो. तीस वर्षं हाडांचा डॉक्टर होतो, आता नातवंडं सांभाळतो.

नखरे रक्ताचे आहेत. मनगटाजवळ नाडी लागते त्या धमनीची बारीक शाखा स्केफॉइडला रक्त पुरवते, पण ती शिरते पुढच्या, म्हणजे बोटांकडच्या भागातून. तिथून रक्त उलटं कोपराकडच्या टोकाला जातं. त्या टोकाला स्वतःची सोय जवळजवळ नाहीच. हाड कंबरेत मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. चीर जितकी मागे, तितकं जुळणं अवघड. काही वेळा तो तुकडा मरतोच. त्यात हे हाड जवळजवळ सगळीकडून सांध्याच्या कुर्च्याने, म्हणजे मऊ, लवचीक हाडाने, मढलेलं. बाहेरून आवरणातून रक्त यावं, नवं हाड धरावं, तर जागाच नाही. दोन तुकड्यांत सांध्यातलं पाणी शिरतं ते वेगळंच.

आमच्या सुरुवातीच्या काळात प्लास्टर एके प्लास्टर. अंगठा धरून घातलेलं, आठ ते बारा आठवडे, कधी त्याहून जास्त. पोरं वैतागून स्वतःच कापून यायची. मग हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन सर्जनचा बिनडोक्याचा स्क्रू आला, १९८४ साली त्याचा शोधनिबंध छापून आला. दोन्ही टोकांच्या आट्यांत अंतर वेगवेगळं, त्यामुळे पिळत गेलं की तुकडे एकमेकांवर आवळले जातात, आणि डोकं नसल्यामुळे पूर्ण हाडात बुडतो, सांध्यात टोचत नाही. तुमच्या हातात त्याच घराण्यातला कुणीतरी असणार.

फिल्मवाल्यांच्या सल्ल्यात माझी एक भर. पहिली फिल्म साफ, पण खळग्यात दुखतंय, तर "पंधरा दिवसांनी या" म्हणताना मोकळ्या हाताने पाठवायचं नाही. स्प्लिंट किंवा प्लास्टर घालून पाठवायचं. एमआरआय परवडत असेल तर काही दिवसांतच निकाल लागतो.

---

नाठाळ

एमआरआय, स्क्रू, प्लास्टर... आमच्या गावचा हाडवैद्य पाला बांधतो, तीन आठवड्यांत हात मोकळा. आजोबांचा बसवलाच ना.

---

कपिलाषष्ठी

नाठाळ, आजोबांचं रेडियस मोडलं असणार. रेडियसचं मनगटाकडचं टोक भरपूर रक्ताचं, ते कुणाच्याही हातून जुळतं. जुळण्याचा प्रश्न तिथे क्वचितच येतो, वाकडं जुळण्याचा येतो. पारंपरिक हाडवैद्यांपैकी काहींच्या बोटांना जाण असते, हे मी नाकारणार नाही. निखळलेला खांदा बसवताना मी त्यांना पाहिलंय. पण कामट्या घट्ट आवळून बांधलेले, बोटं काळीनिळी पडलेले हात रात्री-अपरात्री आमच्याकडेच आलेत. आत दाब वाढून स्नायू मेला की तो परत येत नाही. लहान मुलाचा असा हात एकदा बघा, मग पाल्याबद्दल बोलू.

---

नाठाळ

बरं, माघार. (तूर्तास.)

---

बाराखडी

अवांतर, पण विषयाला धरून. चरकसंहितेत हाडं ३६० सांगितली आहेत, दात आणि नखं धरून. सुश्रुत म्हणतो, वेदवादी ३६० मानतात पण शल्यतंत्रात ३०० च. चरकाच्या यादीत हातापायांच्या बोटांची हाडं ६०, त्यामागच्या शलाका २०, आणि या शलाकांची अधिष्ठानं ४. म्हणजे एका पंजाला बोटांची १५, शलाका ५, अधिष्ठान १.

शलाका म्हणजे तळहातातली पाच, ती बरोबर बसतात. मनगटाच्या आठ हाडांचं एकच अधिष्ठान धरलं असावं. बोटांत मात्र तुमच्यापेक्षा एक जास्त, कारण अंगठ्यालाही तीन दिली आहेत. समतेचा मोह झाला असेल का?

---

फिल्मवाला

हे माहीत नव्हतं, मजा आली. अंगठ्याच्या बाबतीत चरकाची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. लहान मुलांच्या फिल्मवर हाडाच्या टोकाशी वाढीची चकती दिसते. तळहातातल्या चार हाडांना ती बोटांकडच्या टोकाला असते. बोटांच्या हाडांना मनगटाकडच्या टोकाला. आणि अंगठ्यामागचं तळहातातलं हाड? त्याला मनगटाकडच्या टोकाला, बोटांच्या हाडांसारखी! म्हणजे वाढीच्या हिशेबात ते बोटाचंच हाड आहे आणि अंगठ्यात तीन पेरं धरणारा अगदीच चुकत नाही. फक्त मग तळहातात चार उरतात. चरकाने दोन्हीकडे मोजलं एवढंच.

शिवाय ते हाड बाकीच्या चौघांसारखं जखडलेलं नसतं. त्याच्याखालच्या ट्रॅपेझियमचा माथा एका दिशेने खोलगट, दुसऱ्या दिशेने फुगीर, आणि त्यावर हे तसंच उलटं बसतं. म्हणून अंगठा फिरून करंगळीला भेटतो. याचा मोबदलाही द्यावा लागतो: पन्नाशीनंतर, बायकांत जास्त, हा सांधा झिजतो. सुरी धरताना, किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी दुखतं ते बहुधा हेच.

---

पहिली_स्लिप

माझ्या भाच्याला १६ वर्षांखालच्या क्रिकेटसाठी मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. खेळायला हात धड आहे का बघायला असेल असं आम्हाला वाटलं, तर म्हणे वय ठरवायला. जन्मदाखला दिला होता की!

---

फिल्मवाला

दाखले कसे मिळतात हे आपण दोघंही जाणतो. :)

फिल्ममधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मनगटात बहुतेक वेळा एकही हाड दिसत नाही, सगळं कुर्चा, आणि कुर्चा फिल्मवर उमटत नाही. बोटांची हाडं हवेत तरंगत असल्यासारखी दिसतात आणि मनगटाच्या जागी नुसता काळोख. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेटचे ठिपके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ट्रायक्वेट्रम, चौथ्याच्या आसपास ल्युनेट, मग सहाव्यापर्यंत स्केफॉइड आणि दोन्ही ट्रॅ. पिसिफॉर्म सगळ्यात आळशी, नऊ ते बाराच्या दरम्यान कधीतरी उगवतं. मुलींचं वेळापत्रक मुलांच्या पुढे असतं. त्यानंतर वाढीच्या चकत्या एकेक करून मिटत जातात, रेडियसची सतरा-एकोणिसाव्या वर्षाच्या सुमाराला.

ग्रॉयलिश आणि पाइल यांच्या १९५० च्या ॲटलासमध्ये वयवार फिल्म छापलेल्या आहेत, समोर धरून जुळवायच्या. बीसीसीआय वापरतं ती टीडब्ल्यू३ पद्धत, तिच्यात एकेका हाडाला गुण देऊन बेरीज करतात. फुटबॉलमध्ये फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय सुरू केला.

पण हे हाडाचं वय आहे, कॅलेंडरचं नव्हे. उशिरा वयात येणारा मुलगा हाडाने लहान निघतो आणि लवकर येणारा मोठा, दाखला अगदी खरा असला तरी.

---

काळा_कोट

कोर्टातही हाच घोळ. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जयमाला प्रकरणातच म्हटलंय की वैद्यकीय तपासणीवरून ठरवलेल्या वयात दोन वर्षांची चूक दोन्ही बाजूंना धरावी लागते. बालन्याय कायदा २०१५, कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. लोकांना वाटतं एक्स-रे म्हणजे ब्रह्मवाक्य. मी उलटतपासणीत पहिला प्रश्न त्या दोन वर्षांवरच टाकतो.

---

पहिली_स्लिप

धन्यवाद दोघांनाही. भाचा पास झाला, ते सांगायचं राहिलं.

आणखी एक. रबरी चेंडू बोटाच्या टोकावर बसला आणि माझ्या अनामिकेचं शेवटचं पेर लोंबतंय. दुसऱ्या हाताने सरळ होतं, आपणहून होत नाही. दुखत तर फारसं नाही.

---

कपिलाषष्ठी

शेवटच्या हाडाला सरळ करणारी कंडरा तुटली आहे, किंवा हाडाची कपची घेऊन उपटली गेली आहे. फिल्म काढा. बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, शेवटचा सांधा सरळ ठेवणारा स्प्लिंट सहा ते आठ आठवडे लागतो. पण अखंड! आंघोळीला, जेवायला, कशालाही काढून बोट एकदा जरी वाकलं तरी पहिल्या दिवसापासून मोजायचं. क्रिकेटवाले इथेच नापास होतात.

---

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. इथे जानेवारीत बर्फाचा पातळ थर दिसत नाही आणि माणूस सपशेल आडवा. आई इथे आली असताना पार्किंगमध्ये घसरली, मनगट पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले कोलेस फ्रॅक्चर, म्हणजे रेडियसचं मनगटाकडचं टोक मोडून मागे सरकलेलं. सर्वांत वाईट क्षण कुठला, तर बांगड्या कापण्याचा. सोन्याच्या पाटल्या, लग्नातल्या. हात इतका सुजला होता की निघेनात. आई हाडासाठी रडली नाही, पाटल्यांसाठी रडली.

---

फिल्मवाला

आमच्याकडे हे रोजचं. पडल्यावर पहिलं काम: अंगठी, बांगड्या, पाटल्या, घड्याळ, दोरा उतरवा, सूज चढायच्या आत. साबणाच्या पाण्याने निघतात. सौभाग्याचं लेणं म्हणून बायका थांबतात आणि तासाभरात कटर आणावा लागतो. धातू फिल्मवर पांढरा फट्ट पडून नेमकी चिरेची जागा झाकतो ते वेगळंच. तसं १८९५ च्या डिसेंबरात रोंटगेनने बायकोच्या हाताचं छायाचित्र काढलं त्यातही अंगठी बोटावर तशीच आहे, पण त्या बाईंचं हाड मोडलेलं नव्हतं!

कोलेस हा डब्लिनचा सर्जन. त्याने या फ्रॅक्चरवर लिहिलं १८१४ मध्ये, एक्स-रे यायच्या ऐंशी वर्षं आधी. निव्वळ हाताने चाचपून. फिल्म हातात घेऊन उभा असताना मला त्याची आठवण येते.

---

कपिलाषष्ठी

आईंचं वय साठीच्या आसपास असेल तर हाडाची घनता तपासून घ्या. पाळी गेल्यानंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर बऱ्याचदा हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली सूचना असते. पुढचा नंबर मणक्याचा किंवा खुब्याचा लागू नये. आणि प्लास्टरमध्ये असतानाही बोटं हलवत राहायची, हात छातीच्या वर ठेवायचा. झोळीत लोंबकळत ठेवलेल्या हाताची बोटं आखडतात, मग मनगट जुळूनही पोळी लाटता येत नाही.

---

अस्थिर

आयटीवाला आहे, म्हणजे प्रश्न ठरलेला. रात्री हाताला मुंग्या येतात, झटकला की बरं वाटतं. एक्स-रे काढला, नॉर्मल. मग हाडांचा काही संबंध नाही ना?

---

फिल्मवाला

हाडांचा संबंध आहे, पण फिल्मवर दिसणारा नाही. आठ हाडं तळव्याच्या बाजूला खोलगट पन्हळीसारखी बसतात. पन्हळीचे काठ म्हणजे एकीकडे स्केफॉइड आणि ट्रॅपेझियमचे उंचवटे, दुसरीकडे पिसिफॉर्म आणि हॅमेटचा हुकासारखा आकडा. त्या काठांवरून जाड पट्टा आडवा ताणलेला. आतून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस (मज्जातंतू) जाते. जागा मोजकी, सूज आली की दाब पडतो नसेवर. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिरतो, करंगळी सुटते. तुमच्या करंगळीत मुंग्या असतील तर प्रकरण वेगळ्या नसेचं. ती पिसिफॉर्म आणि त्या आकड्याच्या मधून जाते, सायकलवाल्यांची हँडलवर दबते.

---

कपिलाषष्ठी

नसेची चाचणी करून घ्या, सोबत थायरॉइड आणि साखरही. कीबोर्डला सगळे शिव्या देतात, पण माझ्याकडे या तक्रारीच्या बायका जास्त यायच्या, त्यातही गरोदर आणि थायरॉइडवाल्या. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधून झोपा, पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

फिल्मवाले, ल्युनेट राहिलं की. बाजूची फिल्म सांगा लोकांना.

---

फिल्मवाला

सांगतो. बाजूने काढलेल्या फिल्मवर रेडियस, त्यात बसलेलं ल्युनेट आणि ल्युनेटमध्ये बसलेलं कॅपिटेट एका रेषेत दिसतात. ल्युनेट चहाच्या कपासारखं, तोंड बोटांकडे. उंचावरून पडलेल्या माणसात कधी तो कप तळव्याकडे कलंडलेला दिसतो. म्हणजे ल्युनेट निखळलंय. समोरच्या फिल्मवर हे फार सहज निसटतं. रांगांच्या गोलसर रेषा तुटलेल्या दिसतात, पण बघणाऱ्याला त्या शोधायची सवय हवी. बाजूची फिल्म काढायचा पेशंटला कंटाळा येतो, कारण सुजलेलं मनगट उभं धरावं लागतं. मी ती न काढता कुणाला सोडत नाही, मग कितीही ओरडा.

एक गंमत. कोपराकडच्या रांगेत पिसिफॉर्म सोडलं तर एकाही हाडाला कंडरा चिकटलेली नाही. बोटांकडची रांग आणि रेडियस यांच्या मधे ही तिघं नुसती ढकलली जातात, अस्थिबंधांनी एकमेकांना धरून. स्केफॉइड आणि ल्युनेटमधला बंध तुटला की दोघं दोन दिशांना कलतात. फिल्मवर त्यांच्यात ३ मिलिमीटरहून जास्त फट दिसली की आम्ही लगेच डॉक्टरांना हाक मारतो.

---

नाठाळ

परत आलो. गेल्या आठवड्यात मित्राच्या करंगळीमागचं हाड मोडलं. दारात सापडलं म्हणाला.

---

फिल्मवाला

करंगळीमागच्या हाडाची मान मोडली असेल तर दार नव्हे, भिंत. किंवा कुणाचा तरी जबडा. आम्ही विचारत नाही, फॉर्मवर 'दारात सापडून' असंच लिहितो.

त्याला एक करून बघायला सांग. बोटं एकेक दुमडायची. धड हातात प्रत्येक बोटाचं टोक स्केफॉइडच्या दिशेला झुकतं. करंगळी अनामिकेवर चढत असेल तर हाड पिळून बसलंय, तसंच जुळू द्यायचं नाही.

---

गुळपोळी

शेवटचा प्रश्न, मग मी गप्प. सासूबाई म्हणतात बोटं कडाकडा मोडली की सांधे सुजतात. खरं?

---

कपिलाषष्ठी

सांध्यातल्या द्रवात दाब एकदम उतरतो, पोकळी होते, त्याचा आवाज. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि दोन्ही हातांत संधिवाताचा फरक आढळला नाही. २००९ चं इग नोबेल (गमतीदार संशोधनाला देतात ते) मिळालं त्यांना. एका माणसाचा प्रयोग आहे, पण जिद्दीला दाद द्यावी लागते.

---

गुळपोळी

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्यांच्या आईचंही त्यांनी ऐकलं नसणार."